आरशातली अडीच सेकंदं

जुळ्या भावांचा एकही विनोदी सिनेमा तुम्ही पाहिला नाही, असं होणारच नाही. एक भाऊ भित्रा, दुसरा गुंड. उचापती एकाने करायच्या आणि मार दुसऱ्याने खायचा. एकाची बायको भलत्याच्याच गळ्यात पडायची, इन्स्पेक्टरने भलत्यालाच आत टाकायचं आणि आपण पोट धरून हसायचं. दोन्ही भाऊ म्हणजे एकच नट, हेही आपल्याला ठाऊक असतं. मग ते दोघं समोरासमोर उभे राहून भांडतात, तेव्हा आपल्याकडे पाठ करून उभा असलेला तो दुसरा कोण? खरं सांगा, पडला कधी हा प्रश्न? नाही पडला. तो पडू नये म्हणूनच एका माणसाला कामावर ठेवलेलं असायचं.

त्या माणसाला सगळे पाठमोऱ्या म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तिथेही लिहिणारा दर वेळी वेगळंच काहीतरी लिहायचा.

मुळात तो सुतार. स्टुडिओच्या त्या लांबलचक शेडमध्ये खोट्या भिंती आणि न उघडणारे दरवाजे ठोकायचा. एक दिवस शिडीजवळ उकिडवा बसून खिळे काढत होता, तर चहावाला मागून आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, चहा ठेवू का?" साहेब म्हणजे त्या काळचा मोठा विनोदी नट. पाठमोऱ्याने मान वळवली आणि चहावाल्याने कप तसाच मागे घेतला. "हात् तुझ्या! तू होय!" म्हणाला. लांबून दिग्दर्शक हे बघत होता. त्याने हातोडी खाली ठेवायला लावली, पुढे चालायला लावलं, खांदे पाडायला लावले आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, हा इथेच होता आणि आम्ही गावभर शोधतोय!"

झालं. त्या दिवसापासून पंचवीस वर्षं तो साहेबांचा जुळा भाऊ.

कामाची रीत अशी. सकाळी साहेब भित्रा भाऊ व्हायचे आणि हा गुंडाचं जाकीट घालून कॅमेऱ्याला पाठ द्यायचा. दुपारी जाकिटं बदलायची, कॅमेरा पलीकडे फिरायचा आणि तेच भांडण पुन्हा. दोघांचे संवाद याला पाठ लागत, कारण समोरून बरोबर वेळेला बोलणारं कुणी नसेल तर साहेबांना हशा साधता येत नसे. हा बोलायचा, आणि त्याचा आवाज नंतर पुसून टाकायचे. केस साहेबांच्याच न्हाव्याकडे कापायचे. साहेबांचं वजन वाढलं की याने भाकरी जास्त खायची, साहेबांनी पथ्य धरलं की याच्या घरात उपास. आणि थपडा! जुळ्यांच्या सिनेमात थपडा फार. ज्याला बसते तो पाठमोरा दाखवायचा म्हणजे मारणाऱ्याचं तोंड दिसतं. एका सिनेमात त्याने अकरा खाल्ल्या होत्या, त्यातल्या सात खऱ्या.

यात एक अट होती आणि ती साहेबांनी स्वतः घातली होती. बाहेर कुठे बोलायचं नाही. शेजाऱ्यांना सांगायचं नाही, नातेवाइकांना सांगायचं नाही. गुपित फुटलं तर लोक साहेबांकडे बघायचे सोडून पाठीकडे बघत बसतील आणि हसणं संपेल. सेटवर बाहेरच्या माणसाला सक्त बंदी. एकदा एका लाइटवाल्याने मेव्हण्याला आत आणलं, तर त्याला त्याच दिवशी घरी बसवलं. पाठमोऱ्याने तोंडाला कुलूप घातलं ते कायमचं. शेजारी त्याला शेवटपर्यंत सुतारच समजत होते आणि मोडके स्टूल आणून देत होते. तोही मुकाट्याने दुरुस्त करून द्यायचा.

असा हा भित्रा माणूस. सिनेमातला भित्रा भाऊ शेवटच्या रिळात तरी शूर होतो, याचं ते शेवटचं रीळ कधी आलंच नाही.

पण आयुष्यात एकदा त्याने ती बंदी मोडली. मुलगी सहा महिन्यांची होती. बायको म्हणाली, "रोज जाता कुठे, करता काय, एकदा तरी बघू द्या. मला काय तुमची पाठ ओळखू येणार नाही?" हट्टच धरून बसली. तेव्हा त्याने तिला मागच्या दाराने, लाकडं आणायच्या वाटेने आत घेतलं आणि दिव्यांच्या मागे अंधारात भिंतीशी उभं केलं. पोर कडेवर. "हूं की चूं करायचं नाही," म्हणाला. त्याची स्वतःचीच बोबडी वळलेली.

प्रसंग शिंप्याच्या दुकानाचा होता. दोन भाऊ एकमेकांना पत्ता नसताना एकाच दुकानात कोट शिवायला येतात. शिंपी एकाचं माप घेतो, वही घ्यायला वळतो, तेवढ्यात तिथे दुसरा. पाठमोऱ्या हात पसरून उभा, शिंप्याचं काम करणारा नट त्याच्या काखेत टेप घालतोय, आणि समोर कपाटाला मोठा आरसा. आरसा तिरका लावायचा असतो, म्हणजे पाठमोऱ्याचं तोंड दिसत नाही. त्या दिवशी कुणाचा तरी धक्का लागला आणि आरसा सरळ झाला. सगळ्यांचं लक्ष साहेबांकडे. आरशात पाठमोऱ्याला आपलं तोंड दिसलं आणि आपल्या खांद्यावरून मागे, दिव्यांच्या कडेला, बायको दिसली. नवऱ्याच्या काखेत टेप घालतायत, तो गुदगुल्या आवरतोय, हे बघून तिला हसू आवरेना. तिने तोंडावर हात घेतला, मग पोरीचा इवलासा हात धरून त्याच्याकडे हलवला. आणि हा बेटा नोकरी विसरून हसला. अडीच सेकंदं असतील.

ती अडीच सेकंदं सिनेमात तशीच राहिली. थिएटरात त्या जागी एवढा हशा उसळायचा की आरशात कोण बघतंय! दोघं पहिल्या आठवड्यात जाऊन बघून आले. बायकोने त्याच्या बरगडीत असं कोपर मारलं की दोन दिवस दुखत होतं.

मुलगी सात वर्षांची असताना बायको गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि नवव्या दिवशी सगळं आटोपलं. पुढे त्या सिनेमाचा खेळ एका जुन्या थिएटरात पुन्हा लागला तेव्हा हा रोज दुपारी जाऊन बसायचा. लोक हसायचे आणि हा तोंडात रुमाल कोंबून रडायचा. मुलीला नेलं नाही. ती त्या दिवसांत अंधारात घाबरायची, रडून आकांत करायची. पुढच्या वर्षी नेऊ, म्हणाला. पुढच्या वर्षी निर्मात्यांचं आपसांत वाजलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, सिनेमाच्या सगळ्या प्रती कुठल्याशा गोदामात कुलपात गेल्या आणि सिनेमा बघायलाच मिळेनासा झाला. आता जे दाखवता येत नाही त्याचं नाव तरी पोरीपुढे कशाला काढायचं, असं म्हणून हा गप्प राहिला. गप्प राहण्याची सवय होतीच.

मुलगी मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात लागली, तिचा संसार झाला. तिच्याजवळ आईचे चार फोटो होते. चारही फोटोंत आई ताठ उभी, शिक्षा केल्यासारखी. आईबद्दल तिला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं आणि हे तिला फार लागायचं. एकदा भांडणात ती बापाला म्हणाली, "जन्मभर कॅमेऱ्यापुढे उभे राहिलात, बाबा. आणि आईचं एक हलतं चित्र नाही आपल्याकडे. एक नाही!" त्याने ताटातच हात धुतले आणि उठून गेला.

आणि मग, तो पासष्टी ओलांडून घरात एकटा बसलेला असताना, फोन आला.

गोदामात त्या सिनेमाची एक प्रत सापडली होती. एका कंपनीने ती विकत घेतली होती आणि धुऊनपुसून, रंग ताजे करून पुन्हा थिएटरात लावायची होती. नवा पडदा, नवी मशीनं, सगळं स्वच्छ दिसणार. म्हणजे डुप्लिकेटची मान, डुप्लिकेटचा कान, सगळंच दिसणार. मालकांचं म्हणणं, जिथे जिथे हा दिसतो तिथे तिथे साहेबांचा कान, साहेबांची मान चिकटवा. पण कोणता साहेब आणि कोणता हा, हे आता सांगणार कोण? दिग्दर्शक गेला, कॅमेरावाला गेला, साहेब जाऊन तर चौदा वर्षं झाली. राहिला होता हा. स्वतःला पुसण्यासाठी स्वतःच बोट दाखवायला त्याला बोलावलं होतं. काय म्हणावं याला!

तो गेला. काम करणारी मुलगी तिशीच्या आतबाहेरची, मशीनपुढे बसून मान आखडलेली, बोलायला गोड. खोलीत पडदे ओढलेले, कोपऱ्यात मशीनं घुंईं करत होती. तीन दिवस दोघं शेजारी बसले. ती चित्र थांबवायची आणि हा सांगायचा, "हा मी. हे साहेब. हा मी."

"काका, तुम्ही ओळखता कसं हो? मला तर दोघं सारखेच."

"कानाच्या पाळीवरून. साहेबांची चिकटलेली, माझी लोंबती."

"आणि ही थप्पड? खरी?"

"खरी. साहेबांचा हात जड होता, पोरी."

ती हसायची आणि यादीत आकडा टाकायची. यादी वाढत होती. त्याला त्याचं विशेष काही वाटत नव्हतं. पाठ जन्मभर दिली, आता मानही घ्या. त्याचा जीव टांगला होता तो शिंप्याच्या दुकानावर. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकान आलं आणि तो खुर्ची पुढे ओढून बसला. रीळ फार कुजलं होतं, चित्र काळपट होतं. पण आरशात त्याचं तोंड आलं, आणि मागे, अंधारात, अगदी कडेला, ती. तोंडावर हात. पोरीचा हात हलवला. गेली.

त्याला वाटलं, हिच्या लक्षात नाही आलं तर बरं. पण मुलगी हुशार. तिने चित्र मागे घेतलं, थांबवलं. थांबलं ते नेमकं त्याच्या हसऱ्या तोंडावर.

"काका! आरशात हे कोण? तुम्ही?"

"मीच."

"अगंबाई, केवढी मोठी चूक! इतक्या वर्षांत कुणाला दिसली नाही? हे तर आधी काढावं लागेल." आणि तिने पेन उचललं.

पाठमोऱ्याने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याने तिच्या टेबलावर हात ठेवला. "एवढं राहू दे, पोरी."

"का हो?"

आता इथे बोलायचं होतं. मागे ती उभी आहे ती माझी बायको, कडेवर माझी लेक, असं सरळ सांगायचं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण सेटवर बाहेरचं माणूस आणलं होतं ना! अडतीस वर्षांपूर्वीची का होईना, चोरी ती चोरीच. शिवाय परक्या पोरीपुढे मेलेल्या बायकोचं नाव काढायचं म्हणजे डोळ्यांना पाणी येणार आणि शोभा होणार. तो म्हणाला, "माझं तोंड तेवढं एकदाच आलंय सिनेमात. पुन्हा कधी आलं नाही."

हेही खरंच होतं. खोटं तो बोलला नाही. अर्धं बोलला.

मुलीने पेन खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले. "मालकांना कळलं तर माझं काही खरं नाही," म्हणाली, "पण बघते मी, काका. शब्द देते."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तो बस न पकडता चालत लेकीकडे गेला आणि तिला दाराशीच सगळं सांगून टाकलं. आरसा, टेप, मागचं दार, सगळं. एवढं सलग तो आयुष्यात बोलला नसेल. लेक ऐकत राहिली. आधी ती चिडली. "अडतीस वर्षं! अडतीस वर्षं पोटात ठेवलंत हे? मी मेल्यावर सांगणार होतात?" मग ती मटकन खुर्चीत बसली आणि तिने बारीक आवाजात विचारलं, "मी पण आहे त्यात?"

"तू पण आहेस. हात हलवतेस. म्हणजे ती हलवते."

पहिल्या खेळाच्या दिवशी लेकीने दुकानातून रजा काढली. ठेवणीतले कपडे घातले. बापाचा शर्टही तिनेच इस्त्री केला. थिएटर निम्मंअधिक भरलं होतं, बहुतेक मंडळी पिकल्या केसांची. सिनेमा सुरू झाला आणि लोक हसू लागले. पडदा कसा लख्ख, रंग कसे ताजे. भित्रा भाऊ पळाला, गुंड भाऊ शिरला, इन्स्पेक्टर फसला. पाठमोऱ्याची मान कुठेच नव्हती, सगळीकडे साहेबांचीच. लेकीने त्याचा हात घट्ट धरला होता. तिचा तळवा घामेजला होता.

"आता," तो म्हणाला. "आता बघ. डाव्या कडेला."

शिंपी आला. टेप काखेत गेली. आरशात त्याचं तोंड आलं, तरणंताठं, आणि हसलं. दिला शब्द त्या मशीनवरच्या मुलीने पाळला होता! आणि त्याच्या खांद्यामागे भिंत होती. गुळगुळीत, स्वच्छ, रिकामी भिंत. तो तरणा माणूस त्या भिंतीकडे बघून जीव ओतून हसत होता. मग साहेब आले आणि थिएटर हशाने दणाणलं.

"कुठंय?" लेक त्याच्या कानाशी म्हणाली. "बाबा, कुठंय? मला दिसली नाही. मी पापणीसुद्धा मिटली नव्हती. कुठंय आई?"

तो अजून पडद्याच्या डाव्या कडेकडेच बघत होता.

मध्यंतरात बाहेर दिवे लागले तर ती मशीनवरची मुलगी धावतच आली. चेहरा नुसता फुललेला. "पाहिलंत, काका? ठेवलं की नाही? मालकांना पत्ताच लागला नाही! दोन रात्री जागून केलं मी. तुमचं तोंड एवढं काळवंडलं होतं, एकेक रेघ उजळली. आणि मागे कुणी बघ्या बाई मूल घेऊन घुसली होती, तुमच्यावरून लक्ष जात होतं. ती काढून टाकली. आता कसं, फक्त तुम्हीच दिसता."

लेकीचं तोंड उघडलं. पाठमोऱ्याने तिचं मनगट दाबलं.

"मूळचं…" लेक कशीबशी म्हणाली. "मूळचं चित्र असेल ना कुठे?"

"नाही हो ताई. ते रीळ हातात घेतलं की चुरा होत होतं, त्यावरून चित्र एकदाच उतरवता आलं. आणि मशीनमधली कच्ची प्रत मालक काम झालं की पुसायला लावतात, पुढच्या सिनेमाला जागा लागते. का हो?"

"काही नाही," पाठमोऱ्या म्हणाला. "लेकीला हौस. फार छान केलंस, पोरी. तुझे उपकार झाले." आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला खोटं वाटू नये इतपत तो हसलासुद्धा. मुलगी खूश होऊन गेली. तिचा काय दोष!

उरलेला सिनेमा त्यांनी बघितला नाही. रस्त्याच्या कडेला बसथांब्यावर येऊन बसले. दुपारची वेळ, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. लेक बराच वेळ रडली. मग तिने नाक पुसलं.

"एक शब्द बोलायचा होता, बाबा. ही माझी बायको, एवढंच. काय गेलं असतं तुमचं?"

"बाहेरच्यांना बंदी होती," तो म्हणाला.

"कुणाची बंदी? साहेब मरून चौदा वर्षं झाली!"

 त्याने मान खाली घातली. त्यांची बस आली, थांबली, दार उघडून उभी राहिली आणि निघून गेली. दोघं उठले नाहीत.

"बरं, मग तुम्ही करून दाखवा," लेक म्हणाली. तिच्या आवाजातला राग ओसरला होता आणि ती नुसती मागत होती. "तुम्ही पाहिलंय ना इतक्यांदा. कशी हसली ते दाखवा."

पाठमोऱ्याने इकडेतिकडे बघितलं. मग तो लेकीकडे तोंड करून नीट बसला, मान जराशी कलती केली, तोंडावर हात घेतला आणि हसला. लेक डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

"अशी?"

"अशी नाही," तो म्हणाला, आणि हात खाली घेऊन त्याने पुन्हा करून बघितलं.